आमच्या कंपाउंडचं सार्वमत

सौदीत उभी हयात घालवून परतलेल्या माणसाला आमच्या गावात दोनच प्रश्न विचारतात. तेलाच्या विहिरीवर होतास का, आणि सोनं किती आणलंस. दोन्हींना मी 'नाही' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव दिसते आणि बोलणं सुपारीच्या भावाकडे वळतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. मी रियाधमध्ये एक राज्यघटना सांभाळत होतो. ती बदलण्यासाठी मी सार्वमतही घेतलं. आमच्या श्रीवर्धनकडच्या दुसऱ्या कुणी असं काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ते राज्य फार मोठं नव्हतं. एका टोकाच्या फाटकापासून दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सावकाश चालत गेलं तरी चहा गार होत नसे. तिकडे कंपाउंड म्हणजे नुसती भिंत नव्हे, तर भिंतीच्या आतलं अख्खं गाव. परदेशी नोकरदारांसाठी एखादा अरब मालक असं गाव बांधतो आणि त्यातली घरं कंपन्यांना भाड्याने देतो. आमच्याकडे व्हिला होते, पोहण्याचा तलाव होता, एक छोटा बकाला म्हणजे किराणा दुकान होतं. मागच्या बाजूला एका हॉस्पिटलने नर्सेससाठी घेतलेली तीन मजली इमारत होती. मी अ‍ॅडमिन ऑफिसर. हुद्दा ऐकायला बरा. एसीतून पाणी ठिबकलं तर मला फोन, मांजर हरवलं तर मला फोन, आणि नवऱ्याने भांडून बायकोला बाहेर ठेवून दार लॉक केलं तर दुसरी किल्ली घेऊन धावणाराही मीच.

आणि या सगळ्याच्या वर होतं 'बुक'. कंपाउंड नवं असताना पहिल्या इंग्रज मॅनेजरने टाइपरायटरवर लिहिलेले नियम. तो माणूस केव्हाच त्याच्या देशी गेला, पण त्याचा शब्द राहिला. तक्रार आली की मी बुक काढायचं, कलम शोधायचं आणि निवाडा द्यायचा. एकदा एका फ्रेंच साहेबाने तक्रार केली की शेजारच्या व्हिलातून मेलेल्या समुद्राचा वास येतो. बुकात दुर्गंधीवर स्वतंत्र कलम होतं, दोषी कुटुंबाला लेखी ताकीद द्यायची. मी चौकशीला गेलो. शेजारी मुरुडचे निघाले आणि घरात सोड्यांचं कालवण होतं. मी पोटभर जेवलो आणि अहवाल लिहिला, 'सखोल तपासणी केली. आता काहीही शिल्लक नाही.'

बुकातली कितीतरी कलमं जुनी झाली होती. टेलेक्स कुठून करावा, व्हिडिओ कॅसेट आत आणताना गेटवर कशी दाखवावी, परदेशी फोन लावण्यासाठी नाव कसं नोंदवावं. ती कुणाच्या वाटेला जात नसत, म्हणून कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. त्यातच एक होतं, 'महिलांनी कंपाउंडच्या आत वाहन चालवू नये.' बाहेर बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा आम्ही सगळे त्या बातमीत रंगलो होतो. हे कलम कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. फक्त आमचा नवा नेपाळी वॉचमन बहादूर मन लावून बुक वाचत होता.

नोरा मॅडम आयर्लंडच्या. आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायच्या, नवरा इंजिनिअर. एका दुपारी त्या शहराची सगळी ट्रॅफिक कापत, चार पदरी रस्त्यावरचे ट्रक मागे टाकत स्वतः गाडी चालवत आल्या आणि आमच्या गेटवर थांबल्या. बहादूर आडवा उभा होता.

"मॅडम, इधर से साहब चलाएगा."

"साहब ऑफिसमध्ये आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि माझं घर ते समोर दिसतंय."

"बुक में लिखा है, मॅडम."

मी धावत गेलो तेव्हा मॅडम गाडीत, बहादूर गाडीपुढे आणि मागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत उभा. शेवटी टँकरवाला पठाण खाली उतरला, त्याने मॅडमची गाडी आत नेऊन लावली आणि सलाम करून गेला. ज्याला गाडी कुणाची, घर कुणाचं काही ठाऊक नव्हतं त्याला बुकाची हरकत नव्हती, कारण तो पुरुष होता.

मॅडम तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. मॅनेजर म्हणजे उस्ताद माजिद (उस्ताद म्हणजे तिकडचं 'साहेब'), मालकाचा पुतण्या, नुकताच परदेशात शिकून आलेला. पोरगा मनाने निर्मळ. त्याला प्रत्येक गोष्ट बदलायची असे आणि प्रत्येक बदलाचं सादरीकरण करायचं असे. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "अरे इक्बाल, ती ओळ काढून टाक. खलास."

मी बुकाचं शेवटचं पान पुढे केलं. तिथे इंग्रज साहेबाने लिहून ठेवलं होतं की यातला एकही शब्द बदलायचा तर राहत्या घरांपैकी दोन तृतीयांश घरांची लेखी संमती हवी, प्रत्येक घराला एक मत. माजिदने ओलायातल्या, म्हणजे रियाधच्या बँका-ऑफिसांच्या भागातल्या, वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, हे बुक प्रत्येक भाडेकराराला जोडलेलं आहे, तेव्हा बदल बुकात सांगितल्याप्रमाणेच करा.

नोरा मॅडमचा राग कुठल्या कुठे गेला. "म्हणजे अगदी आमच्यासारखं! आमच्या राज्यघटनेतला शब्द बदलायचा तर अख्ख्या देशाला विचारावं लागतं. सार्वमत."

माजिदने उठून केबिनचं दार लावलं. "मॅडम, तो शब्द नको. मतदान नको, निवडणूक नको. आपण याला ग्राहक समाधान सर्वेक्षण म्हणू."

अशी आमच्या सार्वमताची मुहूर्तमेढ रोवली गेली. माजिदने ते एका आयटी कंपनीकडे सोपवलं आणि त्यांनी आपला नेहमीचा पाच ताऱ्यांचा फॉर्म सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला. 'महिलांनी वाहन चालवू नये' या कलमाला रहिवाशांनी सरासरी साडेतीन तारे दिले. आता साडेतीन ताऱ्यांत बाईने गाडी चालवायची की नाही? एकाने पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, तलावाचं पाणी छान असतं. शेवटी माजिद मला म्हणाला, "तू जुन्या पद्धतीने कर. कागद आणि डबा. पण नाव सर्वेक्षणच."

याच सुमारास सिस्टर शोभा माझ्याकडे आल्या. खरं तर त्यांच्याचसाठी हे सगळं सांगतोय.

शोभा मिरजेकडच्या. हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नर्स. कामात इतक्या पक्क्या की हॉस्पिटलने त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, त्यांच्या नवऱ्याचा व्हिसा काढून दिला. नवरा रमेश, विनाअनुदानित शाळेत चित्रकलेचा मास्तर. ती नोकरी सोडून तो बायकोचा अवलंबित म्हणून आला. कागदावर त्याला काम करायची परवानगी नाही. हे सगळं सौदी सरकारने मान्य केलं, पण बुकाचं कलम नऊ मानेना. 'कौटुंबिक निवास विवाहित पुरुष कर्मचाऱ्यासच मिळेल. महिला कर्मचारी महिला इमारतीत राहतील. तेथे पुरुषास प्रवेश नाही.'

कर्मचारी शोभा, म्हणून घर नाही. रमेश पुरुष, पण कर्मचारी नाही, म्हणून त्यालाही नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला सांगलीच्या पोरांच्या खोलीत खाटेला खाट लावून झोपायचा. शोभाची ड्युटी संपली की टॅक्सीने यायचा, गेटवर पाहुणा म्हणून सही करायचा आणि दोघं तलावाजवळच्या बाकावर बसायची. लग्नाला पंधराएक वर्षं झालेली जोडी, आणि बसायची अशी जणू कुणाच्या तरी बापाला कळेल. पाहुण्याची वेळ संपली की बहादूर लांबून खाकरायचा.

बायकांना बाजारात नेणारी बस सुटायची, त्यातही रमेशला जागा नव्हती. फलकावर लिहिलं होतं, 'फक्त रहिवाशांच्या पत्नींसाठी.' तो एकदा मला म्हणाला, "इक्बालभाई, शोभाच्या आवडीची मेथी मिळते का बघायला जायचं होतं. मी कुणाची पत्नी म्हणून चढू?"

सिस्टर त्या दिवशी आल्या तेव्हा उभ्याच राहिल्या. "भाई, कलमं बदलताय असं ऐकलं. नऊ नंबरचं पण घ्या. हे म्हणतात, सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आत परत जातो, तिथली जागा अजून भरली नाहीये. गेले तर पुन्हा येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

मी कलम नऊ यादीत घातलं.

पण घटना बदलायची म्हटलं की समिती येते, आणि समिती आली की कुलकर्णी साहेब येतात. आमच्याकडचे कुलकर्णी साहेब ओलायात एका बँकेच्या आयटी विभागात मोठ्या पदावर होते. गृहस्थ सज्जन, अडल्यानडल्याला धावणारे. पण सरळ वाक्य दिसलं की त्यांना ते सुधारल्याशिवाय राहवत नसे. बाकी कलमं त्यांनी झटपट उडवली. टेलेक्स गेला, कॅसेट गेली, बायकांच्या गाडीची ओळ गेली. कलम नऊवर मात्र ते अडले.

"इक्बालभाई, नुसतं 'पुरुष' खोडून चालणार नाही. भविष्याचा विचार करायला हवा. उद्या सासू आली तर? सावत्र मुलगा आला तर?"

त्यांचं नवं कलम तयार झालं ते पाऊण पान भरून. 'कोणतीही व्यक्ती, लिंगनिरपेक्ष, जी रहिवाशाशी वैवाहिक, कौटुंबिक वा तत्सम दीर्घकालीन स्वरूपाच्या नात्याने संलग्न असेल, ती, त्या नात्याच्या अस्तित्वकाळात…' त्यापुढे अ, आ, इ, ई आणि दोन अपवाद होते.

नोरा मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. "आमच्या घटनेत आईची जागा घरात असल्याचं एक जुनं कलम आहे. ते बदलायला देशाने मतदान केलं. जुनं कलम आवडणारे फार कुणी मला तरी भेटले नव्हते. पण त्याच्या जागी सरकारने जी वाक्यं दिली, त्यांचा अर्थ काय ते कुणाला नीट सांगता येईना. लोक म्हणाले, नाही. जुनं कलम अजून तिथेच आहे. मिस्टर कुलकर्णी, लोक न कळणाऱ्या कागदावर हो म्हणत नाहीत."

"मॅडम, तो तुमचा देश," कुलकर्णी हसून म्हणाले. "इथे सगळे सुशिक्षित आहेत."

बकालातल्या खजुराच्या रिकाम्या डब्याला फट पाडून मी मतपेटी केली. सुशिक्षितांनी मतदान केलं. टेलेक्स एकमताने हद्दपार झाला. बायकांच्या गाडीची ओळही गेली, त्याच संध्याकाळी नोरा मॅडमनी बहादूरला शेजारी बसवून कंपाउंडला दोन फेऱ्या मारल्या. आणि कलम नऊ पडलं.

का पडलं, ते मला पुढचे दोन दिवस ऑफिसात येऊन लोक सांगत होते. एकाला वाटलं, आता एकेका घरात दहा-दहा माणसं येणार. एकाला 'तत्सम' या शब्दात पार्किंगचा धोका दिसला. एक बाई म्हणाल्या, "भाईसाब, मुझे लगा पहले वाला ही फैमिली के लिए अच्छा है, नया वाला समझ में नहीं आया." ही बाई शोभाच्या देखरेखीखाली आठवडाभर अतिदक्षता विभागात होती. तिला शोभा फार आवडायची. आपण शोभाच्या विरोधात मत दिलं हे तिला कळलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या पायात हे कलम अडकलं होतं त्या नर्सेसचं मतच नव्हतं. समितीने ठरवलं होतं की नर्सेसची इमारत म्हणजे एकच घर, म्हणून एकच मत, आणि तेही हॉस्पिटलच्या एचआरचं. एचआरने कोरा कागद टाकला होता.

रमेशने बॅग भरायला घेतली. तिकीट बघायला तो माझ्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसला. तोंडाने म्हणत होता, "चालायचंच. फळ्यावर खडू घासायची सवय मोडली नाहीये अजून." सिस्टर बाजूला उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, उठा. तिकीट नाही काढायचं. भाई, मला लोकांशी बोलायचंय. सगळ्यांशी."

बुकात रहिवाशांच्या सभेचं कलम होतं. मी माजिदकडे गेलो. तो म्हणाला, "सभा नको. ग्राहक संवाद म्हण." मी म्हटलं, "म्हणतो. पण उस्ताद, अजून एक. नर्सेसच्या इमारतीत प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप आहे, वेगळी किल्ली आहे. चाळीस खोल्यांच्या किल्ल्या मी रोज सांभाळतो. ते एक घर कसं?" माजिदने वकिलाला फोन लावला. वकिलाने बराच वेळ घेऊन सांगितलं की बुकात 'राहतं घर' म्हणजे काय याची व्याख्या नाही, तेव्हा मालक ठरवेल ते. माजिद आता चवताळला होता. हरलेलं सर्वेक्षण त्याला काकांना दाखवायचं नव्हतं. "किल्ली तिथे मत," तो म्हणाला. "यल्ला, चल, पुन्हा घे."

ग्राहक संवाद तलावाकाठी भरला. एवढ्या नर्सेस एकत्र पहिल्यांदाच व्हिलाच्या बाजूला आल्या होत्या, केरळच्या, फिलिपिन्सच्या, आपल्याकडच्या. सिस्टर शोभा हिंदीत बोलल्या.

"मी तुमच्यापैकी कितीजणांच्या हातात सलाईन लावलंय ते मला आठवत नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही की ही बाई आहे, हिला लावू द्यायचं का."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, आपके लिए कोई प्रॉब्लेम नहीं. मगर कल कोई भी आके बोलेगी, ये मेरा हसबैंड है."

"बोलू दे ना," शोभा म्हणाल्या. "हा माझा नवरा आहे हे आधी आमच्या तहसीलने लिहून दिलं. मग मुंबईने शिक्का मारला. मग दिल्लीने. मग सौदी दूतावासाने. मग इथल्या परराष्ट्र खात्याने. दोन देशांनी मान्य केलंय की हा माझा नवरा आहे. आता फक्त या स्विमिंग पूलने मान्य करायचं राहिलंय."

आधी नर्सेस हसल्या, मग बायका, मग नाइलाजाने पुरुष. रमेश मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

कुलकर्णी साहेब उठले. मला वाटलं, आता आणखी एक पोटकलम येणार. पण ते म्हणाले, "इक्बालभाई, तुम्ही लिहा. तुमच्या शब्दांत." हे म्हणताना त्यांना किती त्रास झाला असेल, याची मला कल्पना आहे. मी लिहिलं, 'ज्याची किंवा जिची नोकरी, त्याला किंवा तिला घर. आणि त्याचं किंवा तिचं कुटुंब त्या घरात राहील.' कुलकर्णींनी ते इंग्रजीत केलं. एक स्वल्पविराम वाढवण्याची परवानगी मागितली. मी दिली.

दुसऱ्या मतदानाला रांग लागली. नर्सेस ड्युटीवरून तशाच गणवेशात आल्या. मोजणी माजिदच्या केबिनमध्ये झाली. नोरा मॅडम एकेक कागद उघडून वाचत होत्या आणि कुलकर्णी प्रत्येक कागद हातात घेऊन पुन्हा बघत होते. कलम नऊ बदललं. काठावर नाही, चांगलं दणकून बदललं. माजिदने ताबडतोब सादरीकरण केलं. त्याचं शीर्षक होतं, 'ग्राहक समाधानात लक्षणीय वाढ.' काकांनी ते पाहिलं आणि तलावाचं पाणी छान दिसतं असं म्हणाले, असं मला कळलं.

शोभा आणि रमेशला मी स्वतः किल्ली दिली. मागच्या रांगेतलं दोन खोल्यांचं घर. आठवड्यातच त्यांची पहिली तक्रार आली. तक्रार एकमेकांविरुद्ध होती. सिस्टर म्हणाल्या, "भाई, रात्रपाळी करून येते तर हे भिंतीवर चित्र काढत बसलेले, सगळीकडे रंग." रमेश म्हणाला, "भिंत पांढरी ठेवावी असं कुठल्या कलमात आहे ते दाखवा." मी बुक उघडलं, तसं कलम खरोखरच होतं. मी बुक मिटलं आणि म्हटलं, "सापडत नाही."

त्या शुक्रवारी मी घरी फोन केला. घर म्हणजे माझ्यासाठी कोकणातलं. तिथे माझी बायको राबिया. अशा बढाया मारायला मला दुसरं कोण होतं? मी तिला सगळं रंगवून सांगितलं. बहादूर, टँकरवाला, साडेतीन तारे, स्विमिंग पूल. ती खळखळून हसत होती.

"आणि तुम्ही मत कुठलं टाकलंत?" तिने विचारलं.

"मला कुठलं मत? मी स्टाफ. आमची खोली ऑफिसच्या मागे. स्टाफला मत नसतं, आणि फॅमिलीही नसते."

"बरं. आता ती दोघं एका घरात राहतात ना?"

"हो तर."

"चांगलं झालं. किती दिवस वेगळी होती बिचारी?"

"दीडेक वर्ष असेल."

आमचा निकाह झाला तेव्हा माझ्या हातात सौदीचा व्हिसा होता. तेव्हापासून दोन वर्षांतून एकदा दोन महिने, एवढाच आमचा संसार. दोन्ही मुली तिने एकटीने मोठ्या केल्या, लग्नं करून दिली.

"दीड वर्षासाठी," राबिया म्हणाली, "एवढं मतदान घेतलंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. मी समोरचं बुक उघडलं आणि मिटलं.

"जेवलीस का?" मी विचारलं.